मुलाच्या वाट्याची जागा



लहान मुलाचा फोटो समोर आला की आपण सगळे समीक्षा गुंडाळून ठेवतो. "कित्ती गोड!" म्हणतो आणि पुढच्या फोटोकडे वळतो. निसर्गचित्र असेल तर आपण उजेडाबद्दल बोलतो, मोठ्या माणसाचं व्यक्तिचित्र असेल तर स्वभाव कसा उतरलाय ते बघतो. मूल असलं की मात्र ते दिसलं, हसलं, काम झालं. आज आपल्याला नेमकं इथेच थांबायचं आहे. चेहरा थोडा बाजूला ठेवून त्या चेहऱ्याच्या अवतीभवती काय राखलंय आणि काय कापलंय, ते बघायचं आहे.

आमचं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ते तपासत ऐकता येईल. मुलाच्या चित्राच्या चारही कडा मोठी माणसं ठरवतात. मोठ्या माणसाला निदान "मला असं कापू नका" म्हणता येतं. चार वर्षांच्या मुलाला ते म्हणता येत नाही, कारण आपण कापले जातोय हेच त्याला ठाऊक नसतं. त्यामुळे मुलाच्या फोटोत किती जागा सोडायची हा जेवढा सौंदर्याचा प्रश्न आहे, तेवढाच न्यायाचाही आहे.

आधी शब्द नीट करून घेऊ. छायाचित्रकार ज्याला निगेटिव्ह स्पेस म्हणतात, त्याला आपण साधं 'मोकळी जागा' म्हणू. मोकळी म्हणजे रिकामी, असं मात्र नाही. तिथे भिंत असते, आकाश असतं, फरशी असते, पुसट झालेली झाडं असतात. शाळेच्या वहीत आपण समास सोडायचो ना, तसंच हे. समासात मजकूर नसतो, पण समासामुळे मजकूर वाचता येतो, आणि बाईंचा शेराही तिथेच येतो. दुसरा शब्द क्रॉप. आपण 'कातर' म्हणू. ही कातर एकदाच चालते असा समज आहे, पण ती निदान तीनदा चालते. एकदा कॅमेरा डोळ्याला लावताना, एकदा नंतर टेबलावर किंवा फोनच्या पडद्यावर, आणि तिसऱ्यांदा छापणाऱ्याच्या हातून. आता तर चौथीही आहे: प्रोफाइलचा गोल किंवा चौकोन. तो आपल्याला न विचारताच कापतो.

थोडं तंत्राचंही बोलू, कारण पुढची चित्रं बघताना ते लागेल. जवळ जाऊन फोटो काढणं आणि लांबून काढून नंतर कापणं, यांत चेहरा सारखाच मोठा येतो, म्हणून पुष्कळांना ते एकच वाटतं. ते एक नाही. चेहऱ्याची प्रमाणं ठरतात ती आपण किती अंतरावर उभे आहोत त्यावर. फोन अगदी तोंडाजवळ नेला की कपाळ आणि नाक फुगतं, कान मागे पडतात. लांबून काढून कापलं तर प्रमाणं बदलत नाहीत, फक्त बारकावा कमी होतो. लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली तर २४ मेगापिक्सेलचे उरतात ६.

दुसरी गोष्ट उंचीची. आपण उभ्यानेच फोटो काढतो, म्हणजे कॅमेरा पाच फुटांवर आणि मूल अडीच फुटांचं. मग मुलाभोवतीची मोकळी जागा कशाने भरते? फरशीने. ना क्षितिज, ना दार, ना खिडकी. मूल फरशीवर सांडल्यासारखं दिसतं. गुडघ्यावर बसा. त्याच खोलीत त्याच मुलामागे दार येतं, दारापलीकडचं अंगण येतं. जागा तेवढीच, पण आता त्या जागेत जग आहे.

आता पडद्यावरचं पहिलं चित्र बघू. साल १९०८, तारीख ३० नोव्हेंबर. अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनातल्या लँकेस्टर गावची सूतगिरणी. छायाचित्रकार लुइस हाइन. हे मूळचे शिक्षक. नॅशनल चाइल्ड लेबर कमिटीसाठी त्यांनी गिरण्या, खाणी, कॅनिंगचे कारखाने पालथे घातले. कधी विमा एजंट, कधी बायबल विकणारा, अशी सोंगं घेऊन ते आत शिरत. चित्रात सेडी फायफर नावाची मुलगी सूतकताईच्या यंत्रापाशी उभी आहे, आणि यंत्रांची रांग चित्राच्या पुढच्या भागातून आत, पार खोलवर जाते. हाइन यांच्या नोंदीत तिची उंची दिलेली आहे: ४८ इंच. म्हणजे चार फूट. मुलांची उंची ते स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून ताडत, असं सांगतात. नोंद पुढे म्हणते की ती सहा महिने काम करते आहे.

आता मनातल्या मनात कातर चालवून बघा. सेडीचा फक्त चेहरा आणि खांदे ठेवा. काय उरतं? एक गंभीर मुलगी. दमलेली असेल, रुसलेली असेल, शाळेतून आलेली असेल. गिरणी गेली, चार फूट गेले, कारण चार फूट हे यंत्राशेजारीच कळतात. आता कातर काढा, रांग परत येऊ द्या. या चित्रातला आरोप चेहऱ्यात नाही, रांगेत आहे. ती रांग जिथवर जाते तिथवर या मुलीला चालायचं आहे, बॉबिन बघत, तुटलेला धागा जोडत. गिरणगाव ज्यांनी पाहिलंय किंवा घरात ऐकलंय, त्यांना ही लांबी वेगळी समजवायला नको.

इथे मोकळी जागा साक्ष देते. मुलीला तिने लहान केलंय, पण दुबळं नाही केलं. ती यंत्राशी आपल्या कामात आहे, आपल्याकडे दया मागत नाही. आम्हाला हे फार मोलाचं वाटतं.

पण हाइन यांचीच दुसरी बाजू बघा, म्हणजे गोष्ट सोपी राहणार नाही. याच कमिटीच्या प्रचारासाठी भित्तिफलक तयार झाले. त्यांतला एक फार गाजला. वरच्या बाजूला चांगला कच्चा माल म्हणून मुलं, मध्ये कारखाना, आणि खाली कारखान्यातून निघालेला माल म्हणून कापून लावलेले, ओळीने मांडलेले थकलेले चेहरे. उद्देश उत्तम होता. परिणामही झाला असणार. पण त्या ओळीत कुणाची उंची नाही, कुणाचं गाव नाही, कुणाचं नाव नाही. मुलांना माल समजू नका, हे सांगायला मुलांना मालासारखं मांडावं लागलं. कातरीचा हा जुना पेच आहे. अवतीभवतीचं जग काढून घेतलं की चेहरा लगेच सगळ्यांचा होतो, आणि सगळ्यांचा झाला की त्या मुलाचा राहत नाही.

हाच पेच आणखी प्रसिद्ध चित्रात आहे. डोरोथिया लँग यांचं 'मायग्रंट मदर'. १९३६ सालचं, कॅलिफोर्नियातल्या निपोमो गावाजवळच्या मटार तोडणाऱ्या मजुरांच्या छावणीतलं. तुम्ही म्हणाल, हे तर आईचं चित्र, मुलांचं कुठे? तेच तर बघायचंय. लँग यांनी त्या तंबूपाशी अनेक फ्रेम घेतल्या. लांबून घेतलेल्या चित्रात सगळा तंबू आहे, सामान आहे, एक मोठी मुलगीही आहे. जवळच्या चित्रांत एकेक गोष्ट गळत जाते. मोठी मुलगी जाते, सामान जातं, जमीन जाते. जगाने जे चित्र लक्षात ठेवलं त्यात आईचा चेहरा आहे, मांडीत तान्हं आहे, आणि दोन मुलं तिच्या दोन्ही खांद्यांना टेकून आपल्याकडे पाठ करून उभी आहेत.

मंडळी, त्या दोन मुलांचं या चित्रात काय काम आहे? ती मोकळ्या जागेचं काम करतात. आईच्या चेहऱ्याला दोन्हीकडून चौकट घालतात. त्यांचे चेहरे दिसले असते तर आपली नजर तीन ठिकाणी विभागली असती. रचना म्हणून हे अचूक आहे, त्यात वादच नाही. पण मुलांना समास केलंय, हेही खरं. आणि कातर इथेही थांबली नाही. खालच्या कोपऱ्यात तंबूच्या खांबाला धरलेला एक अंगठा होता, तो लँग यांनी नंतर निगेटिव्हवरून जवळजवळ पुसायला लावला. का, तर नजरेला खटकतो. एका माणसाचा अंगठा!

या चित्रांचा उपयोग झाला, हे आपण मान्य केलं पाहिजे. ती छापून आल्यावर त्या छावणीकडे अन्न रवाना झालं. पण तोवर हे कुटुंब तिथून निघून गेलेलं होतं. आणि बाईंचं नाव, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, जगाला कळलं ते १९७८ साली, त्यांनी स्वतःच या चित्राबद्दलची नाराजी बोलून दाखवली तेव्हा. बेचाळीस वर्षं! चित्रातून तंबू, सामान, माणसं गळत गेली, त्यांच्याबरोबर नावही गळालं. आमच्या मते हा योगायोग नाही. भोवतालच नसेल तर "ही कोण, कुठली?" हे विचारावंसंच वाटत नाही.

पुढचं चित्र दाखवायची गरजच नाही, सांगितलं तरी डोळ्यांसमोर येईल. हिरवे डोळे, विटकरी लाल ओढणी, मागे हिरवट भिंत. स्टीव्ह मॅक्करी यांनी १९८४ साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत काढलेलं, जून १९८५च्या नॅशनल जिऑग्राफिकच्या मुखपृष्ठावर छापलेलं. शाळेच्या तंबूत काढलेला हा फोटो आहे. चित्रात शाळा आहे का? नाही. पाटी, वही, शेजारी बसलेल्या मुली? नाहीत. चौकट चेहऱ्याला इतकी घट्ट आहे की मागचा हिरवा रंग डोळ्यांच्या रंगाशी जुळवून आणल्यासारखा दिसतो. मोकळी जागा आहे, पण ती पडद्यासारखी सपाट. त्या जागेला काहीच ठाऊक नाही.

याच मुलीचं त्याच वेळचं आणखी एक चित्र आहे, त्यात तिने चेहऱ्याचा खालचा भाग हातांनी झाकून घेतला आहे. म्हणजे चार कडांच्या आत तिने आपली एक कड घातली. मुखपृष्ठासाठी अर्थातच दुसरं निवडलं गेलं. तिचं नाव शरबत गुला, हे २००२ साली तिला पुन्हा शोधून काढल्यावर कळलं. अनोळखी माणसाने फोटो काढला याचा आपल्याला राग आला होता, असं तिने तेव्हा सांगितलं. सतरा वर्षं लोक त्या डोळ्यांत भीती, धीटपणा, युद्ध, सगळा अफगाणिस्तान वाचत होते. शाळेत आलेल्या एका मुलीला अनोळखी पुरुषाचा राग आलाय, हे साधं वाचन कुणाला सुचलं नाही. सुचायला शाळा दिसायला हवी होती!

मग निष्कर्ष काय? घट्ट कातर वाईट आणि सैल चौकट चांगली? नाही. इथवर येऊन थांबलो तर आपण एक बाळबोध नियम घेऊन घरी जाऊ. म्हणून उलट बाजूची दोन चित्रं बघू.

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. जन्म १८१५, कोलकात्याचा. वयाच्या ४८व्या वर्षी, १८६३ साली, मुलीने आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. जानेवारी १८६४ मध्ये त्यांनी ॲनी नावाच्या मुलीचं छायाचित्र काढलं आणि त्याला आपलं पहिलं यश म्हटलं. कोट, त्याची बटणं, मोकळे केस, किंचित बाजूला वळलेला चेहरा. जवळजवळ सगळी चौकट मुलीने भरलेली. त्या काळच्या स्टुडिओत मुलांना खांब, पडदे, नक्षीदार खुर्च्या यांच्यामध्ये उभं करायची चाल होती. कॅमेरॉनबाईंनी ते सगळं कातरलं. इथे कातरीने जग काढून घेतलं नाही, नाटकातलं सामान काढून घेतलं. मुलगी मोठी झाली, वयाने नव्हे, वजनाने.

त्यांचंच १८७२ सालचं एक चित्र आहे, 'आय वेट'. पाठीला पंख लावलेली लहान मुलगी, हातांवर हनुवटी टेकवून बसलेली. देवदूत करायचा होता. तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला बराच वेळ लागे, मुलांनी हलायचं नाही असा दंडक. या देवदूताच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलंय की मला कंटाळा आलाय, कधी सुटका होणार? चौकट घट्ट आहे, पण त्या घट्टपणात मुलीचं म्हणणं दाबलं गेलेलं नाही. उलट तेच चित्र व्यापून राहिलंय. मोठ्यांनी पंख बांधले, मुलीने आपला कंटाळा राखला.

आणि आता ऐसपैस जागेचं चित्र. डायान आर्बस, न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क, १९६२. चौकोनी फ्रेम, मधोमध एक मुलगा. एका हातात खेळण्यातला हातबॉम्ब, दुसऱ्या हाताची बोटं पंजासारखी आखडलेली, अर्ध्या चड्डीचा एक पट्टा खांद्यावरून घसरलेला, चेहरा वाकडा. भोवती भरपूर मोकळी जागा, मागे झाडं. कातर कुठेच दिसत नाही. पण त्या रिळाचा कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळ्या फ्रेम ओळीने छापलेला कागद, प्रसिद्ध झालेला आहे. बाकीच्या फ्रेममध्ये तो मुलगा कमरेवर हात ठेवतो, हसतो, उभा राहून दाखवतो. बागेत खेळणारा कुठलाही मुलगा. आर्बस यांनी निवडली ती एकच, वैतागाची फ्रेम.

ही वेळेची कातर आहे. जागा कापली नाही, मिनिटं कापली. आणि मग ती ऐसपैस मोकळी जागा मुलाच्या बाजूने बोलत नाही, ती त्याला एकटं पाडते. मोठ्या जागेत एकटं मूल आणि त्याचा वाकडा चेहरा: बघणाऱ्याला वाटतं, या मुलात काहीतरी बिघडलंय. चित्र म्हणून ते जबरदस्त आहे, आम्हीही त्याच्यापासून नजर काढू शकत नाही. पण त्या मुलाला त्यात न्याय मिळाला, असं म्हणायला आमची जीभ रेटत नाही.

तेव्हा कसोटी जागेच्या मापाची नाही. गाण्याच्या मैफलीत आपण म्हणतो, "काय जागा घेतली!" तिथे जागा म्हणजे काही क्षेत्रफळ नसतं, गाणाऱ्याने नेमक्या ठिकाणी केलेलं काहीतरी असतं. तसंच इथे. विचारायचं ते असं: या कडांच्या आत मुलाला स्वतःचं काही चाललेलं आहे का? सेडीला काम आहे, नकोसं असलं तरी तिचं. पंखवालीला कंटाळा आहे. मुखपृष्ठावरच्या मुलीला राग होता, पण कडांनी तो आपल्या कामाला लावला. दुसरा प्रश्न: जे कापलं, ते परत ठेवलं तर कुणाची अडचण होते? मुलाची होत असेल तर कातर योग्य. आजारी मुलाचा, गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाचा चेहराच काय, गल्लीसुद्धा दिसू नये. तिथे कापणं हेच कर्तव्य. पण अडचण फक्त आपल्या "कित्ती गोड"ची किंवा "अरेरे"ची होत असेल, तर हात आवरावा.

शेवटी आपल्या घरात येऊ, कारण या हाइन-आर्बसपेक्षा जास्त फोटो आता आपणच काढतो. बोरन्हाणाचा फोटो घ्या. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट, आणि बहुधा रडवेला चेहरा. फोनवर आपण पहिलं काय करतो? बोटांनी पसरवून चेहरा आणि मुकुट तेवढा ठेवतो आणि पाठवून देतो. कापलं काय जातं? बोरं आणि चुरमुरे वेचायला जमिनीवर तुटून पडलेली बाकीची मुलं. पाठीला आधार देणारा आजीचा हात. रडण्याचं कारणच कापलं जातं! डोक्यावरून ओतलेल्या बोरांनी दचकलेलं मूल 'गोड रडू' होऊन बसतं. वीस वर्षांनी ते मूल हा फोटो बघेल तेव्हा स्वतःचा चेहरा त्याला आरशातही सापडेल. आजीचा हात कुठे शोधायचा?

म्हणून आमचं सांगणं एवढंच: पाठवायला हवं तसं कापा, पण न कापलेला मूळ फोटो ठेवा, आणि त्यावर नाव, तारीख, गाव टाका. हाइन यांनी मुलांच्या नोंदी ठेवल्या, म्हणून आज शंभरावर वर्षांनी आपण "एक गिरणी कामगार मुलगी" न म्हणता सेडी म्हणू शकतो. मुलाला कडा ठरवता येत नाहीत. निदान आपण ठरवलेल्या कडांपलीकडे काय होतं, हे मोठेपणी तपासून बघायची सोय त्याच्यासाठी राहू द्या.